आठ सिलिंडरची गाडी आनि लहान पुली

पेट्रोलात रॉकेल हाये का नाई, हे पाहाचं असंन तं यंत्र नाई लागत. तयहातावर चार थेंब घ्या, फुका मारू नका, मनात दहा आकडे मोजा. चोख पेट्रोल उडून जाते. हात थंड पडते, कोरडा होते, राखुंडी लावल्यावानी पांढरा दिसते. रॉकेल असंन तं हात तेलकट राह्यते, बोटावर बोट घासलं तं सरकते, आनि वास दुसऱ्या दिवशीच्या भाकरीलेबी येते. एवढीच विद्या. या विद्येनं मले नाव देल्लं आनि याच विद्येनं मी एका मानसाचं नाव घालवलं.

माही शाया तिसरीपर्यंत. म्हून मी सांगतो आनि माही नातसून लिहून राह्यली. दिवाळी अंकवाल्या मॅडम घरी आल्यात, म्हने, "आजी, बाईमानूस असून तुमी इंजिनं खोलल्या, ते लिहा, लोकायले आवडंन." मी तिले म्हटलं, आवडंन असं माह्यापाशी थोडंच हाये. जे हाये ते सांगतो. नातसुनेले ताकीद देल्ली हाये, मी जसी बोलतो तसंच लिही, साबन लावू नको.

कळंबच्या रस्त्यावर आमचं गॅरेज होतं. माहे मालक मिस्त्री. मी पाने देत जाओ. चौदाचा दे, सतराचा दे, रॉकेलात नट धू. असं करता करता हाताले समजाले लागलं. मालक टीबीनं गेले तवा एक ट्रॅक्टर खोलून पडला होता. ट्रॅक्टरवाला येऊन उंबऱ्यात बसला. मीच म्हटलं, "उद्या घेऊन जा." सकायी सुरू करून देल्ला. तवापासून मी मिस्त्रीनबाई.

बाईच्या हातची गाडी म्हून लोक पयले हासत. मंग एक डाव एका सरपंचाची जीप आली. जीप धक्के मारे, चढावर बसून जाये. तीन मिस्त्र्यायनं कार्बोरेटर बदलून पाह्यला होता. मी टाकीतलं पेट्रोल हातावर घेतलं, दहा मोजले, हात सरपंचाच्या नाकाखाली धरला.

"तुमच्या घरी चूल पेटत नसंन," म्हटलं.

"काहून वो बाई?"

"रॉकेल तं सारं जीपमंदी हाये."

सरपंचाच्या मांगं जीप चालवनारा त्याचाच साया उभा होता. त्याचं तोंड असं उतरलं का कोनाले काही इचारा लागलं नाई. त्या दिवसापासून पेट्रोलाचा कोनताबी झगडा माह्या हातावर तुटे. लोक म्हनत, बाईचा हात खोटा बोलत नाई.

आता त्या गाडीचं सांगतो.

कापसाचे ते खराब सालं होते. भाव पडला होता, मोजमाप रडतपडत चाले. जिनिंगच्या, कापसातली सरकी काढनाऱ्या कारखान्याच्या, फाटकापासून बैलबंड्यायची रांग लागे ते पार नाल्यापर्यंत. लोक बंडीखालीच झोपत, तिथंच तीन गोट्यायवर भाकर टाकत. गॅरेजात काम नव्हतं. मले काम होतं ते त्या जिनिंगचंच. त्यायचे ट्रॅक्टर, दोन जीपा, इंजिनं. जिनिंगनं मले सोडलं असतं तं मी पाने इकले असते. हे पयलेच सांगून ठेवतो. सुटाले नाई सांगत, तुमाले समजावं म्हून सांगतो.

जिनिंगवाल्या शेठचा पोरगा, छोटे शेठ, बाहीर शिकून आलता. त्यानं एक लांब अमेरिकन गाडी आनली. दोनच दरवाजे, पन इंजिन आठ सिलिंडरचं, बोनेट एवढं का त्यावर खाट टाकून झोपावं. मसल कार म्हने तिले. अंगात मावत नाई एवढी ताकत असनारी गाडी. तरी त्याचं पोट भरेना.

एक दिवस तो रंगीत कागदायचं पुस्तक घेऊन आला. सोबत देविदास.

देविदास जिनिंगचा ड्रायव्हर, आमच्याच मोहल्ल्यातला, माह्या मालकाचा जीवाचा दोस्त. मले वयनी म्हने, मी त्यायले भाऊजी. मालक गेल्यावर गॅरेजचं छप्पर त्यायनंच शाकारून देल्लं होतं. मॅट्रिकपर्यंत गेलेले, इंग्रजी एक एक अक्षर जोडून वाचत. आनि गाडी अशी चालवत का मांगं बसलेल्याच्या हातातला चहा हालू नये.

छोटे शेठनं पुस्तक इंजिनावर पसरवलं. "मावशी, सुपरचार्जर बसवायचा आहे. पूरा किट बाहेरून मागवतो. तुम्ही फक्त सांगा, यातलं कोणतं."

सुपरचार्जर म्हंजे काही जादू नाई. इंजिन हवा ओढते. जेवढी हवा आत, तेवढं पेट्रोल जयते, तेवढा जोर. सुपरचार्जर हा पट्ट्यावर फिरनारा हवेचा पंप. इंजिन ओढंन तेवढ्यावर भागवत नाई, वरून हवा कोंबते. चुलीत फुकनीनं फुकल्यावर जाय कसा भडकते, तसं.

पुस्तकात तीन तऱ्हेचे किट होते. एक गोगलगायीवानी गोल, इंजिनाच्या बाजूनं बसनारा. तो जोर देते, पन इंजिन लय फिरल्यावर. दुसरा धुराच्या जोरावर फिरनारा, त्याले सायलेन्सरचे सारे पाईप बदला लागत आनि लाल तापते. तिसरा पेटीसारखा, इंजिनाच्या डोक्यावर बसनारा. त्याच्या पोटात लाटन्यावानी दोन जाडे रूय एकमेकात फिरत.

मी म्हटलं, "हा घ्या."

"का बरं?"

"जिनिंगच्या रूयासारखा हाये. खराब झाला तं मले खोलता येईन. आनि हा गाडी हालली का लगेच जोर देते. तुमाले कळंबच्या चढावर जोर पाह्यजे, का इमानासारखं उडाचं हाये?"

छोटे शेठ हासला. "बोनेट कापावं लागेल ना पण."

"डोक्यावर पाटी ठेवाची तं पदर बाजूले करा लागते," मी म्हटलं. देविदास भाऊजी मान खाली घालून हासले.

ती निवड बरोबर होती. आजबी म्हनतो, बरोबर होती. मी चुकली ते मंग.

लाकडी खोक्यात किट आला. जिनिंगच्याच शेडात काम धरलं. बोनेटाले भोक पाडलं. इंजिनावरचा कार्बोरेटर काढून सुपरचार्जरच्या डोक्यावर बसवला. पट्टा सरय हाये का हे पाहाले मी पीठगिरनीले लावतो तशी दोरी लावली. भाऊजी नट धरत, मी आवयत जाओ. खोक्यात दोन पुल्या होत्या, एक मोठी, एक लहान. पुली लहान असली का पंप जास्त फिरते, जास्त हवा कोंबते. पीठगिरनीचं ज्याले समजते त्याले हेबी समजते. मी पयले मोठी लावली.

गाडी सुरू झाली तवा सुपरचार्जर असा सू सू करे जसा मोठ्या झाडात वारा. रांगेतले बंडीवाले उठून शेडापाशी आले. एका म्हाताऱ्यानं इचारलं, "बाई, हे आमच्या बैलायले बसते काय?"

दुसरा म्हने, "बैलायले कायले? काट्यावाल्याले बसव बाई. त्याचा हात हालत नाई."

सारे हासले. मीबी हासली. मले त्या वक्ताले असं वाटलं का अख्ख्या जिल्ह्यात माह्यासारखा मिस्त्री नाई. चार दिवसापासून कापूस घेऊन उभे असलेले लोक, त्यायच्या डोयात धूय, आनि मी त्यायच्यासमोर मौजेची गाडी सजवून राह्यली, त्याची लाज मले तवा वाटाले पाह्यजे होती. नाई वाटली.

आठ दिवसानं छोटे शेठ परत आला. "मावशी, मजा आला. पण दुसरी पुली पण आहे ना?"

"हाये."

"मग ती लावा. अजून जोर येईल ना?"

"येईन तं."

भाऊजी खोक्यातलं पुस्तक घेऊन आले. जिथं पुल्यायचं चित्र होतं तिथं खाली लाल चौकट होती. त्यायनं त्यावर बोट ठेवलं.

"वयनी, लाल चौकटीत काही लिहून हाये. जरा दम घ्या. मी डिक्शनरी आनतो मास्तरकडून. आज संध्याकायपर्यंत लावतो वाचून."

छोटे शेठ घड्याय पाहून राह्यला होता. मी म्हटलं, "भाऊजी, तुमी कागद वाचा, मी इंजिन वाचतो. तीस वर्स कोनता कागद वाचून इंजिन बांधले मी?"

"तसं नाई वयनी. लाल रंगात कोनी उगीच लिहत नाई."

"तुमाले पान्याचे आकडे तं वाचता येत नाई धड. चौदाचा मांगतलं तं सोया देता."

छोटे शेठ मोठ्यानं हासला. भाऊजीनं पुस्तक मिटून खोक्यात ठेवलं. मले इंग्रजी येत नाई हे साऱ्यायले मालूम होतं. तरी त्या पोरासमोर भाऊजीनं वाचून दाखवावं आनि मी आयकून घ्यावं, हे मले सोसलं नाई. मी लहान पुली लावली.

तपासाले गाडी चढावर नेली. भाऊजी चालवत, मी बाजूले. चढावर अॅक्सिलेटर दाबला आनि आतून आवाज आला. टिनाच्या डब्यात खडे हालवल्यावानी, बारीक, कडकड. तो आवाज मिस्त्रीले सपनातबी ओयखू येते. पेट्रोल टाईमाच्या पयले फुटून राह्यलं, पिस्टनवर हातोडा पडून राह्यला, असा त्याचा अर्थ. हवा जास्त कोंबली, आतला दाब पेट्रोलाले झेपत नाई.

भाऊजीनं पाय ढिला केला. आवाज गेला. त्यायनं माह्याकडं पाह्यलं.

"नवा पट्टा हाये," मी म्हटलं. "बसला का आवाज जाईन."

"पट्ट्याचा हाये हा?"

"मंग कशाचा?"

भाऊजी म्हटले, "तुमी म्हनता तं पट्ट्याचा."

तिसऱ्या दिवशी उमरखेडले शेठच्या सोयऱ्याकडं साखरपुडा होता. छोटे शेठले तिथं गाडी दाखवाची होती. भाऊजी चालवत होते, छोटे शेठ बाजूले बसून म्हने, दाबा, दाबा. थोडं दूर गेले नाई तं धडाड झालं आनि मांगं पांढऱ्या धुराचा डोंगर. दुपारी ती गाडी जिनिंगच्या ट्रॅक्टरमांगं दोराले बांधून आली, बंडीवाल्यायच्या रांगेच्या बाजूबाजूनं. लोकायनं टाया वाजवल्या. स्टेअरिंगवर भाऊजी बसले होते, समोर पाहून.

मले बलावलं. मी शेडात इंजिन खोललं. एका पिस्टनच्या डोक्यात रुपयाएवढं भोक. काठ असे वितयले होते जसा कढईतला गूय. मले पाह्यल्याबरोबर समजलं. लहान पुली. लाल चौकट. डब्यातले खडे.

शेडात मोठे शेठ नव्हते, मुनीमजी होते. छोटे शेठ होता. बाहीर पन्नास-साठ बंडीवाले, कामधंदा नाई म्हून सारे पाहाले आलेले. मुनीमजीनं इचारलं, "बाई, पिस्टन असा कसा जळतो?"

आता आयका. पिस्टन असा जयाचे दोन कारनं असतात. एक, हवा झेपंन त्याच्याहून जास्त कोंबली. दोन, पेट्रोलात रॉकेल. दोन्हीचं भोक सारखंच. मी दुसरं कारन पयले सांगतलं.

"रॉकेल असलं तं होते असं," म्हटलं.

पयलं कारन सांगाची पायीच आली नाई. मुनीमजीनं मान फिरवून भाऊजीकडं पाह्यलं. त्या सालायत ड्रायव्हर लोक पेट्रोल इकतात आनि रॉकेल भरतात, असं सारेच बोलत. बाहीर कोनीतरी म्हटलंबी, "घ्या! लागला छडा."

भाऊजी म्हटले, "पाहून घ्या ना. वयनी इथंच हायेत. टाकीतलं काढा, हातावर घ्या. वयनी सांगतीन."

त्यायनं सोताच नयी घातली टाकीत, वढलं, माह्या हातावर थेंब टाकले. किती भरोसा असंन तं मानूस असं करते. मी दहा मोजले. पाचावरच हात थंड पडला होता. आठावर कोरडा. दहावर पांढरा.

"बोला बाई," मुनीमजी म्हटले. "तुमच्या हातावर आमचा भरोसा आहे."

मी हात पदराले पुसला. तेलकट हात कसा पुसतात, घासून घासून, तसा पुसला.

"रॉकेल हाये," म्हटलं.

मंग भाऊजी म्हटले, "वयनी, हात दाखवा."

मी पाने गोया कराले लागली.

"वयनी, एक डाव हात दाखवा ना."

मी नाई दाखवला. बंडीवाल्यायमंदी हासू फुटलं. एकानं आवाज देल्ला, "ए रॉकेल!" बस, त्या दिवसापासून देविदासचं नाव रॉकेल पडलं. मुनीमजीनं तिथंच चावी घेतली. मोहल्ल्यातली जिनिंगनं देल्लेली खोली खाली करा लागली. दुसऱ्या जिनिंगात गेले तं फाटकावरचा मानूस इचारे, तूच काय तो रॉकेल? पोरगी शायेतून रडत ये, तिलेबी पोट्टे तसंच म्हनत. महिनाभरानं बायको-पोरगी घेऊन ते राजूरकडं कोयशाच्या खानीवर गेले. जातानी माह्या गॅरेजासमोरून गेले. छप्पर त्यायनं शाकारलेलं तसंच होतं.

माहं काय झालं? काहीच नाई. जिनिंगचं काम चालू राह्यलं, दोन सालानं जिनिंगच बंद पडली तोपर्यंत. मोठी पुलीबी लागली नाई परत, गाडी शेडात उभी राहून सडली. उलटं माहं नाव वाढलं. लोक म्हनत, बाईनं घरच्या मानसाचीबी गय नाई केली, बाईचा हात खोटा बोलत नाई. हे आयकाले लागे मले, गॅरेजात, बजारात, कळंबले चिंतामणी गणपतीच्या जत्रेत. कोनी पेट्रोल घेऊन आलं का मी म्हनो, माह्या हाताले चिरा पडल्या, झोंबते. लोकायले खरं वाटे. त्या दिवसानंतर मी तयहातावर पेट्रोल घेतलं नाई.

गॅरेज बंद केलं तवा पेटीत ते पुस्तक सापडलं. खोक्यासोबत मीच गॅरेजात आनून ठेवलं होतं, कोनाच्या हाती लागू नये म्हून. नातसुनेले म्हटलं, हे लाल चौकटीतलं वाच. तिनं वाचलं. लहान पुली लावाची असंन तं पयले कमी दाबाचे पिस्टन बसवा, आनि भारी पेट्रोल वापरा, नाईतर इंजिन फुटंन. एवढंच. वाचाले तिले एक मिनिटबी लागलं नाई. भाऊजीले संध्याकाय पुरली असती.

मंग मी राजूरले गेली. एस.टी.नं, एकटी. कोयशाच्या धुयीत सारे घरं काये. इचारत इचारत पोचली. भाऊजी बाजेवर बसले होते, केस सारे पांढरे. त्यायची बायको दारात उभी. मले पाहून ती म्हटली, "आता सुचलं काय याचं?" आनि आत निंगून गेली. तरी थोड्या वेयानं चहा आनून ठेवला, माह्याकडं न पाह्यता.

मी म्हटलं, "भाऊजी, त्या दिवशी रॉकेल नव्हतं."

"मले काहून सांगता वयनी? मले तं मालूमच हाये. टाकी मीच भरलती."

"माफी मांगाले आली."

"तुमी हात पदराले पुसला ना, तवाच समजलं मले. कोरडा हात कोनी इतका पुसते काय?" ते जरासे हासले. त्या हासन्यानं मले जास्त लागलं. "माफी घरात बसून मांगता वयनी. खोटं तं चौकात बोलल्या. पन्नास बंड्या उभ्या होत्या तिथं. त्यायच्यासमोर सांगा."

"ते लोक आता कोठी हुडकू भाऊजी? कोन कोठी गेलं, किती जन तं मेले असतीन."

"ते तुमचं तुमी पाहा." चहाकडं बोट करून म्हटले, "चहा थंडा होऊन राह्यला, घ्या."

मी चहा घेतला. परत येतानी मनात एकच, कोठी हुडकू. बंडीवाल्यायचे गावं मालूम नाई, नावं मालूम नाई. दोन सालं तसेच गेले. मंग या मॅडम आल्या आनि म्हटल्या, आमचा अंक गावोगाव जाते, वाचनालयात राह्यते, शायेत राह्यते. मी म्हटलं, मंग लिहतो.

म्हून त्या जिनिंगच्या रांगेत त्या दिवशी जे कोनी उभे होते, नाईतर ज्यायच्या बापानं, आज्यानं घरी येऊन रॉकेल ड्रायव्हरची गोष्ट सांगतली असंन, त्यायच्यासाठी हे लिहलं हाये. गाडी माह्या हातानं फुटली. लहान पुली मी लावली. आवाज मले समजला होता. देविदास ड्रायव्हरनं आयुष्यात कधी एक थेंब रॉकेल टाकलं नाई. त्यायनं तीनदा मले अडवलं, पुस्तकावर बोट ठेवून, चढावर माह्याकडं पाहून, आनि मंग हात दाखवा म्हनून.

भाऊजी, हा हात घ्या. दहा मोजले होते. तो कोरडा होता.